मदत हवी आहे: संक्रांतीच्या हळदीकुंकवात कॅन्सरबद्दल बोलायचंय, आणि काकूंना बोलवायचंय

निशिगंधा_डों

नमस्कार मंडळी. संक्रांतीला घरी हळदीकुंकू करायचं घाटतंय. गणपतीच्या सुमारास माझे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी, ती निदान पाच वर्षं. त्यामुळे सासूबाईंना यंदा दणक्यात करायचंय. तुळजापूरचा नवस आहे, तो वेगळा फेडणार आहोत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अडलंय ते दुसरीकडेच.

माझं सगळ्यात जास्त केलं ते शेजारच्या काकूंनी. लाल औषधाच्या केमोनंतर तोंड आलेलं असायचं आणि फोडणीचा नुसता वास आला तरी ढवळायचं. काकू दुपारी वाटीत मऊभात आणून ठेवायच्या. गार केलेला, वर ताजं ताक, किंचित मीठ. "खा गं" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी वाटी न्यायला यायच्या, भात तसाच असला तरी त्यावर चकार शब्द नाही. त्या दिवसांत त्या आमच्या बाजूची खिडकी लावून घेऊन स्वयंपाक करायच्या, हे मला फार नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं. ऐन मे महिन्यात!

काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलवत नाही, त्याही त्या दिवशी दार लोटून घेतात. सासूबाई म्हणतात, त्यांना अवघडल्यासारखं होईल, आपण वेगळं जेवायला बोलवू. सासूबाईंचं अगदीच चूक आहे असं नाही. पण ज्या बाईमुळे माझ्या पोटात दोन घास गेले तिला सोडून बाकी बिल्डिंगला वाण वाटायचं, हे मला जमणार नाही.

दुसरं म्हणजे, त्या दिवशी चार शब्द बोलायचेत. भेटायला आलेल्यांपैकी दोघीतिघींनी निघताना चपला घालता घालता हळूच विचारलं, "दुखत होतं का गं?" नव्हतं. दुखत नाही म्हणजे साधी गाठ, असं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. एकीला वाटतं सुई लावली की पसरतो. हे बोलायचं कुणी?

फक्त 'कॅन्सरने मला जगायला शिकवलं' छापाचं भाषण माझ्याच्याने होणार नाही. बरं वाटतंय, पण ते हप्त्याहप्त्याने. दोरीवर दोन्ही हातांनी चादर वाळत घातली तेव्हा परीक्षा पास झाल्याइतका आनंद झाला, आणि तपासणीची तारीख जवळ आली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डोंबिवली-परळ प्रवासात दिव्यांगांच्या डब्यात (कॅन्सरच्या पेशंटना तिथे बसता येतं, अनेकांना माहीत नाही) कुणीतरी "तुम्ही तर धडधाकट दिसता" म्हणून हटकलं होतं, आणि त्याच डब्यात पांढऱ्या काठीवाल्या एका गृहस्थांनी माझा आवाज ऐकून स्वतःहून जागा दिली होती. नाव विचारायचं राहिलं. अशांचे आभार मानणार कसे?

तर, काकूंना कसं बोलवू आणि नेमकं काय बोलू? कुणी असं केलंय का?

मीठभाकरी

निशिगंधा, आधी 'हळदीकुंकू' हे नाव काढ. 'तिळगूळ' म्हण आणि सगळ्याजणींना बोलव. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग सरकारनेही इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. एक खेडं करू शकतं तर डोंबिवलीतली सोसायटी का नाही? मात्र काकूंना सगळ्यांसमोर ओढून कुंकू लावायचा हट्ट नको. तो आपला कार्यक्रम होतो, त्यांचा नाही. तिळगूळ आणि वाण सगळ्यांना एकसारखं, विषय संपला.

तुकोबा_फॅन

सणासुदीला आजाराचा विषय कशाला ताई? बायका हसायखेळायला येतात.

रेवा_फिजिओ

@तुकोबा_फॅन, एरवी त्या कुठे एकत्र भेटतात?

ताई, पाच मिनिटांत आटपा आणि एवढंच सांगा: सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. काखेतली गाठ, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, एका बाजूच्या आकारात फरक, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते तपासणारा ठरवेल, शेजारीण नाही. आणि सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही, हे ठणकावून सांगा.

पुराव्यावर विश्वास असणाऱ्यांसाठी: टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांची शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, मशीन वगैरे काही नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्यांत तेवढा फरक दिसला नाही, हेही खरं. तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, जवळच्या केंद्राचा पत्ता लिहून द्या.

आता तुमच्यासाठी. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता पुढेही राहते. तिळाचा पाक तुम्ही करू नका. त्या हाताला चटका बसला, जखम चिघळली तर सूज तिथूनच सुरू होऊ शकते. भरलेली कढईही त्या हाताने उचलायची नाही. बोटातली अंगठी किंवा बांगडी अचानक घट्ट वाटायला लागली तर वाट न बघता दाखवा.

आबा_सातारकर

एक पुरुष म्हणून आगाऊपणा करतो. हा आजार पुरुषांनाही होतो, क्वचित का होईना. आमच्या नात्यात झाला, आणि लाजेपायी कुणाला दाखवलंच नाही. बायकांना सांगाल तेव्हा हेही कानावर घाला, घरी जाऊन नवऱ्याला सांगतील.

डब्यातल्या त्या गृहस्थांबद्दल: तुम्हीही कुणाला तरी जागा देऊन मोकळ्या व्हा की!

निशिगंधा_डों

सगळ्यांचे आभार. रेवाताई, पाकाचं बरं झालं सांगितलंत, मी कढई काढूनच बसले होते.

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. हेरवाडचं त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं म्हणे. "नाव काहीही द्या, पण मी वाणात प्लॅस्टिकचे डबे देणार नाही," एवढ्यावर तह झालाय. बायकांशी उखाण्यांच्या आधी बोलायचं की नंतर, यावर अजून वाद चालू आहे.

काकूंना काल स्वतः जाऊन बोलावलं. आधी नकोच म्हणाल्या, मग "बघू" वर आल्या. जरा वेळाने विचारलं, पाक कोण करणार आहे? मी हात दाखवला. म्हणाल्या, गूळ चिक्कीचा आण, साधा आणलास तर मी हात लावणार नाही.

आता एकच राहिलं. डोंबिवली-कल्याण भागातली कुणी महिला डॉक्टर किंवा आरोग्यसेविका संध्याकाळी अर्धा तास येऊन शंकांना उत्तरं देऊ शकेल का? ओळखीत कुणी असेल तर व्यक्तिगत निरोप करा.