गिरणीच्या आवारात देशी झाडं लावायची आहेत: माती, राख आणि सुबाभळीचं काय करावं?

आराखडा_लालबाग:
नमस्कार मंडळी. लालबागच्या एका बंद गिरणीच्या आवारातला साधारण एक एकर (4,000 चौ.मी.) भाग बाग म्हणून ठेवायचा आहे. आज जागेवर रंगखात्याची जुनी फरशी आहे, बॉयलरच्या मागे कोळशाच्या राखेचा थर आहे आणि बाकी ठिकाणी फूट-दोन फूट राबिट (पाडकामाचा विटा-सिमेंटचा भराव). कडेने सुबाभळीचं रान माजलंय आणि चिमणीच्या बुडाशी पिंपळ आलाय. मालकांच्या डोक्यात लॉन आणि पाम आहेत, पण देशी झाडांसाठी ते तयार होतील असं दिसतंय. प्रश्न असे: लाल माती किती मागवावी? कोणती झाडं घ्यावीत? सुबाभूळ सरसकट काढावी का? मोहरी-सूर्यफूल लावलं की ती विष शोषून घेतात, असंही एकाने सुचवलंय. लागवड पुढच्या पावसाळ्यात करायची आहे.

मातीवाला:
झाडांची यादी राहू द्या, आधी जेसीबी थांबवा. सपाटीकरण झालं की राख, राबिट आणि बरी माती एकत्र कालवली जाते. मग चारशे घनमीटरचा प्रश्न दोन हजार घनमीटरचा होऊन बसतो.

नमुने खात्यांप्रमाणे वेगळे घ्या: रंगखातं, बॉयलरमागची राख, ट्रान्सफॉर्मरची जागा, गोदामाची बाजू. प्रत्येक भागात 10-15 मीटरवर एक जागा, आणि तिथे 0-15, 15-30 व 30-60 सें.मी. अशा तीन खोलींचे नमुने. रंगखात्याची फरशी फोडून खालचा नमुना घ्या, पाणी मुरतं ते फरशीच्या सांध्यांतून. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत शिसं, क्रोमियम (एकूण आणि षट्संयुजी, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, वेगवेगळं), तांबं, आर्सेनिक आणि तेलाचे हायड्रोकार्बन तपासा. राखेच्या भागात बोरॉनही बघा, ते जास्त असलं तर पानांच्या कडा करपतात आणि सगळे पाण्याला दोष देत बसतात. सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता (क्षारांचा अंदाज) तर हवीच. जुन्या रंगवलेल्या भिंतींच्या बुडाशी मीटर-दीड मीटर पट्टा वेगळा तपासा, रंगाच्या पापुद्र्यांतलं शिसं तिथेच पडतं. अंदाजासाठी सांगतो, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जागेच्या मातीतल्या शिशाची तपासणी-मर्यादा 2024 मध्ये किलोमागे 400 मिलिग्रॅमवरून 200 वर आणली.

मोहरीचं विसरा. शिसं मातीला घट्ट धरून असतं, मुळांतून वर फारसं चढतच नाही. जे थोडं चढेल त्यासाठी पीक दरवेळी उपटून घातक कचरा म्हणून पाठवावं लागेल, आणि हे कित्येक दशकं.

दूषित भाग फार मोठा नसेल तर झाकणं हा व्यवहार्य मार्ग आहे, मात्र अहवाल जाणकार पर्यावरण अभियंत्याला दाखवून मगच. वर जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं कृत्रिम धाग्यांचं कापड), शक्यतो भडक रंगाचं, म्हणजे पुढे कुणी खणलं तर इशारा मिळेल. त्यावर 60 सें.मी. स्वच्छ माती. समजा दूषित भाग 600 चौ.मी. निघाला, तर 360 घनमीटर लागेल, म्हणजे 127 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ती दबते, तेव्हा 145 धरा. नुसती लाल माती ओतू नका, पहिल्या पावसात चिखल आणि ऑक्टोबरात विटेसारखी कडक. 60 टक्के माती, 25 टक्के पूर्ण कुजलेलं शेणखत, 15 टक्के जाड रेती. क्रश सँडची (दगड भरडून केलेल्या रेतीची) बारीक पूड चालत नाही, तीच छिद्रं बुजवते.

आणि एक: राखेच्या भागावर पाणी मुरवू नका. 50 मि.मी.ची एक सर म्हणजे या एका एकरावर 200 घनमीटर पाणी. ते राखेतून खाली गेलं की धातू घेऊनच जातं. छपरांचं आणि रस्त्याचं पाणी स्वच्छ भागाकडे वळवा. राखेवरून चर न्यायचाच असेल तर तळाला एचडीपीई (जाड प्लास्टिक) अस्तर घाला.

रानरोप:
वरच्याशी सहमत, फक्त राबिटाच्या भागाबद्दल थोडं. तिथे 3 × 3 × 3 फुटांचा खड्डा खणून चांगली माती भरली की तो बादली होतो: बाजूला दाबलेला भराव, पाणी जायला वाट नाही. जुलैमध्ये मुळं कुजतात आणि ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली की लोक खत घालतात. खड्डा भरण्याआधी पाणी ओतून बघा. चोवीस तासांत उतरलं नाही तर तळ पहारीने किंवा ब्रेकरने फोडा आणि खड्डे चराने एकमेकांना जोडून उताराकडे काढा. तेही जमत नसेल तर दोन-अडीच फुटांचे उंचवटे करून वरच लावा. लालबाग-परळच्या सखल भागात पावसाळ्यात भूजल फार वर येतं, तिथे उंचवटाच बरा.

चुना-सिमेंटच्या राबिटाने सामू 8 च्या वर जातो. मग लोह मिळत नाही: कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत घातलं तर अशा सामूला ते लगेच अडकून पडतं. ईडीडीएचए चिलेट (अशा सामूलाही विरघळलेलं राहणारं लोहखत) टिकतं, पण महाग. त्यापेक्षा चालणारी झाडं निवडलेली बरी.

ओलसर, खोलगट बाजूला करंज, अर्जुन, ताम्हण. उंचवट्यावर बहावा, आपटा, पळस. बहाव्याला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. पळसाची मोठी रोपं घेऊ नका, सोटमूळ दुखावलं की तो बसतो. मे-जूनमध्ये ताज्या शेंगा मिळाल्या की बी थेट जागेवर टोकणं उत्तम. पांगारा देखणा आहे, पण पानांवर गाठी आणणाऱ्या बारीक गांधीलमाशीचा त्रास असतो, दोन-चारच लावा. खालच्या थरात निर्गुडी, धायटी, कुडा, मुरुडशेंग. उतारावर वाळा, ओळीत 15-20 सें.मी. अंतराने. लॉनच्या जागी मारवेल गवत सुचवा आणि मालकांना आधीच सांगून ठेवा की मार्चनंतर ते पिवळं पडणार. नोव्हेंबर-डिसेंबरात कापा, वाळलेलं ठेवलंत तर एक विडी पुरे.

रोपं फेब्रुवारीतच वनविभाग किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत सांगून ठेवा. तीन-चार फुटी घ्या. आठ फुटी रोपाची मुळं पिशवीत गोल फिरलेली असतात, लावताना बाहेरची गुंडाळी कापली नाही तर चार-पाच वर्षांनी वादळात मुळासकट आडवं. मोठ्या झाडांत 5-6 मीटर अंतर. आच्छादन 7-8 सें.मी., खोडापासून वीतभर लांब. पहिली दोन वर्षं ऑक्टोबर ते मे आठवड्यातून दोनदा प्रत्येक झाडाला 20 लिटर पाणी.

चुना_वीट:
पिंपळ ओढून उपटू नका, मुळांबरोबर जोडकामातला चुना आणि विटा बाहेर येतील. आधी चिमणीची संरचनात्मक तपासणी. वास्तू वारसा यादीत असेल तर वारसा समितीची परवानगीही लागेल. फांद्या कापून मुळं जागेवरच मारतात आणि सांधे चुन्याच्या गाऱ्याने भरतात. सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि विटेचा दर्शनी भाग सुटायला लागतो. छपरावर सिमेंटचे पत्रे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे धरूनच चाला. ओले करून अखंड उतरवायचे, राबिटात मिसळायचे नाहीत.

सुबाभूळही कायद्याने झाडच आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 खाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, पिंपळासाठीसुद्धा. सगळी एकदम काढू नका. जर्मनीतल्या डुइसबुर्ग-नॉर्ड उद्यानात, 1985 मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याच्या जागी, उद्यानरचनाकार पीटर लाट्झने आपोआप उगवलेली झाडी बऱ्याच अंशी राहू दिली, त्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. पण तिथला पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. इथे दोन हजारांहून जास्त मि.मी. चार महिन्यांत कोसळतो, उघडी पडलेली राख पहिल्याच आठवड्यात गटारात जाईल. तीन पट्टे करा, वर्षाला एक. नुसतं कापलं तर बुंध्यातून फुटतं, बुंधा मुळासकट काढा. बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं, तेव्हा जुलैमध्ये माती मऊ असताना पोरांना लावून रोपं उपटवा, शेंगा धरायच्या आत. अपवाद राखेचा भाग: तिथे पोरंही नकोत आणि खणणंही नको. आवरणाच्या आदल्या उन्हाळ्यात जमिनीलगत कापा, फुटवे छाटत राहा.

आराखडा_लालबाग:
आभार. राखेच्या भागावर 60 सें.मी. मातीत करवंदाची जाळी चालेल ना? कुंपण होईल आणि कुणी आत शिरणार नाही.

मातीवाला:
नको. करवंद दिसली की मुलं आत शिरणारच, आणि दूषित जागेवर खाण्याजोगं काही लावायचं नाही, शेवगासुद्धा नाही. तिथे निर्गुडी आणि धायटी लावा, मुळं खोल जाणारी मोठी झाडं नकोत. करवंदाची जाळी गोदामाच्या बाजूला, तिथला अहवाल स्वच्छ आला तरच.