विषय: तिकिटावर एक डॉलर (इंदूरचा दवाखाना)

मंडळी, नमस्कार.
इंदूरहून लिहितोय. आपलं अमेरिकेतलं मंडळ दर गणपतीत ज्या वस्तीतल्या दवाखान्याला पैसे पाठवतं, तिथे काल जाऊन आलो. लसीच्या डब्यातले आइसपॅक पुसता पुसता आरोग्यसेविका म्हणाली, "काका, गणपती में तीन महीने का इकट्ठा, फिर होली तक राम भरोसे." पगाराबद्दल बोलत होती. मान खाली गेली हो.

फ्रान्सनं २००६ साली विमानाच्या तिकिटावर कर बसवला. सुरुवातीला युरोपातल्या साध्या तिकिटाला १ युरो, लांबच्या प्रवासाला ४, वरच्या वर्गाला १० आणि ४०. त्यातून युनिटएड या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत गरीब देशांना एड्स, क्षय, मलेरियाची औषधं. आपणही मंडळाच्या नाटकांच्या तिकिटावर एक डॉलर लावूया का?
– मुकुंद

मुकुंदकाका, डॉलरला अनुमोदन. पण नाटकं वर्षाला दोन आणि पगार बारा! त्याच २००६ मध्ये काही देशांनी पुढची वीस-वीस वर्षं लसीकरणाला पैसे द्यायचं कायद्यानं बांधून घेतलं. त्या हमीवर लंडनमध्ये १०० कोटी डॉलरचे रोखे विकले आणि रक्कम लगेच 'गावी' (Gavi) या जागतिक लसीकरण संस्थेच्या हाती आली. हा काही जास्तीचा पैसा नाही, उद्याचाच आज उचललेला, वर व्याज. आपल्याला रोखे नकोत, पण प्रत्येकानं पाच वर्षांचं ऑटो-पे लावावं.
– शिल्पा

शिल्पा, हमी कुणाची? गेल्या वर्षी जेवणाच्या रांगेत एकतीस जणांनी वहीत आकडे टाकले, चेक आले चौदा. म्हणून डॉलर तिकिटाच्या किमतीतच धरायचा, 'ऐच्छिक' शब्द कुठेही नको. तोच बारा हप्त्यांत पाठवू.
आता एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा. मंडळाच्या खात्यातून गेलेला पैसा परदेशी देणगीच. अमेरिकन पासपोर्टवाल्यांचाही, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरी. दवाखान्याच्या ट्रस्टची या कायद्याखालची नोंदणी चालू हवी आणि पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरणार. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट पाठवलं तर ही भानगड नाही. त्यांनी ऑटो-पे जरूर लावावं. काका, नोंदणीची मुदत तेवढी बघून कळवा.
– श्रीधर, खजिनदार

श्रीधर, प्रमाणपत्र फ्रिजच्या तापमानाच्या वहीखाली सापडलं, फोटो जोडलाय. पुढची दोन वर्षं चिंता नाही. हप्त्यांचं सेविकेला सांगितलं, तर तिनं फक्त तारीख विचारली. पाच चालेल ना? मी तसं सांगून बसलोय.
– मुकुंद