पेढे कसले वाटता? आणि 553 चा हिशोब कोण देणार?

तिरकस_त्रिंबक:
काल इथे एकाने ती जुनी बातमी पुन्हा डकवली. विमान सुरक्षेत भारत 102 वरून थेट 48 व्या क्रमांकावर, चीन 49 वा, पेढे वाटा. खाली नुसते टाळ्यांचे इमोजी. उत्तर लिहायला बसलो ते एवढं लांबलं की वेगळा धागाच काढतोय.

पहिली गोष्ट, ते गुण नोव्हेंबर 2022 चे आहेत. आयकाओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेची, माणसं आली, त्यांनी डीजीसीएला, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाला, 85.65 टक्के दिले. पण आठपैकी सहाच विषय त्या खेपेला तपासले होते. अपघात तपास आणि एअर नेव्हिगेशन यांना हातच लावला नव्हता. 2017 च्या तपासणीत आपल्याला 57.44 टक्के होते, पाकिस्तानही पुढे होता. तेव्हा कुणी क्रमांक डकवल्याचं आठवत नाही.

दुसरी गोष्ट, आपला नियामक ऑडिटला उत्तर देतो ते ऑडिटरपुरतं. डिसेंबर 2012 मध्ये आयकाओने गंभीर शेरा मारला, धावपळ झाली, 2013 मध्ये शेरा निघाला. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने, एफएएने, आपल्याला दुसऱ्या श्रेणीत (म्हणजे सुरक्षेची देखरेख निकषांपेक्षा कमी) ढकललं, कारण उड्डाणांवर नजर ठेवणारे पूर्णवेळ फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टरच पुरेसे नव्हते. पुन्हा धावपळ, पदं मंजूर, एप्रिल 2015 मध्ये श्रेणी परत. आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदीय समितीच्या अहवालात काय? डीजीसीएत मंजूर पदं 1063, भरलेली 553. तेही अहमदाबादच्या विमान अपघातात 260 माणसं गेल्यानंतर दोनच महिन्यांनी.

लोहगावची_मैना:
अर्धवट माहितीवर धागे काढायची हौस दांडगी. पूर्वी डीजीसीएच परवाने द्यायची आणि अपघाताचा तपासही तीच करायची. 2012 मध्ये अपघात तपासणारी एएआयबी वेगळी काढली, ती कुणाच्या आग्रहामुळे? विमान कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने डीजीसीएला कायद्याचा आधार मिळाला, दंडाची मर्यादा 10 लाखांवरून 1 कोटी झाली. 1934 चा कायदा जाऊन 2024 चा आला. हे सगळं प्रेसनोट काढून होतं का? आणि एफएएचं कौतुक मला सांगू नका. बोइंगच्या मॅक्स विमानाला प्रमाणपत्र त्यांनीच दिलं होतं, दोन अपघातांत 346 माणसं गेली. त्यांना कुठल्या श्रेणीत टाकायचं?

तिरकस_त्रिंबक:
मैनाताई, एएआयबी वेगळी झाली हे खरं, पण अजून त्याच मंत्रालयाखाली आहे. बाकी कायद्याचं मान्य, घ्या एक गुण. पण कायदा राबवायला माणूस लागतो. थायलंडला 2015 मध्ये आयकाओने लाल बावटा दाखवला, तर त्यांनी जुनं खातं मोडून नवीन प्राधिकरण उभं केलं, आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या एकेका कंपनीला नव्याने प्रमाणपत्र घ्यायला लावलं, 2017 मध्ये राहिलेल्यांची परदेशी उड्डाणं थांबवली. तरी अमेरिकेची पहिली श्रेणी परत मिळायला 2025 उजाडलं. आपलं काम सव्वा वर्षात!

लोहगावची_मैना:
म्हणजे लवकर सुधारलो हाही गुन्हाच. धन्य.

गोंयकार_बाब:
ऑडिट, ऑडिट काय लावलंय? जानेवारी 2011 मध्ये आमच्या गोव्यात एक विमान पुढच्या चाकावर आपटलं, म्हणून वैमानिकांच्या बनावट गुणपत्रिकांचं प्रकरण बाहेर आलं. त्या गुणपत्रिकांवर परवाने देणारं खातं हेच. ऑडिटरला दिसलं नाही ते धावपट्टीने दाखवलं.

कलिना_हँगर:
आयुष्य हँगरमध्ये गेलं, कंपनीचं नाव सांगत नाही. दोन्ही बाजू निम्म्या चूक. ऑडिटची तारीख कळली की रात्रपाळीत देखभालीच्या कामांची जुनी टास्क कार्डं काढून राहिलेल्या सह्या-शिक्के पूर्ण करायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कॅलिब्रेट केलेले टॉर्क रेंच आम्ही वर्षानुवर्षं मागत होतो, ते ऑडिटच्या धाकानेच आले. आणि एक लक्षात घ्या, आयकाओ तपासते ती नियामकाला. विमान कंपनीचं आयोसा ऑडिट वेगळं, ते विमान कंपन्यांच्या संघटनेचं. इथे अर्धे लोक दोन्हींची खिचडी करतायत.

प्रा_वैतागबाई:
हुबेहूब कॉलेजांना श्रेणी देणारं नॅक! टीम यायच्या आदल्या रात्री आमच्या कॉलेजात भाड्याच्या कुंड्या आल्या, टीम गेल्यावर टेम्पो परत. वृक्षारोपणाचे फोटो निरनिराळ्या वर्षांचे, झाड तेच. आणि श्रेणी मिळाल्यावर जागा भरल्या का? अजून तासिका तत्त्वावरच शिकवताहेत पोरं.

विदर्भी_ठेचा:
मॅडम, नॅकला नावं ठेवणं सोपं आहे. आमच्या तालुक्यातल्या कॉलेजात ग्रंथालयाची इमारत नॅकमुळे झाली, नाहीतर संस्थाचालकांनी तिथे मंगल कार्यालय काढलं असतं.

प्रा_वैतागबाई:
इमारत झाली. ग्रंथपाल आहे का?

विदर्भी_ठेचा:
नाही. पण म्हणून इमारत पाडायची का? मास्तर लोकांना फाइल लिहायला सांगितली की पोटात दुखतं.

प्रा_वैतागबाई:
सात निकषांच्या फाइली, सुट्टीत, स्वतःच्या प्रिंटरवर. तुम्ही लिहून बघा एकदा, मग बोला.

चिंचपोकळीकर:
फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्यांनाच लाच प्रकरणात पकडलं होतं. कुंड्या परवडल्या.

तिरकस_त्रिंबक:
धागा विमानांचा आहे हो! वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम 1 नोव्हेंबर 2025 पासून पूर्ण लागू झाले, डिसेंबरात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, आणि डीजीसीएने काय केलं? त्याच कंपनीला फेब्रुवारीपर्यंत सूट. यावर कुणी बोलेल का?

लोहगावची_मैना:
मी बोलते. त्या आठवड्यात माझी आई दिल्लीला अडकली होती, औषधं बॅगेत आणि बॅग कुठे ते कुणालाच माहीत नाही. सूट दिली नसती तर अजून किती दिवस बसली असती? तत्त्वाच्या गप्पा घरी सोफ्यावर बसून सुचतात.

कलिना_हँगर:
ताई, आईंचा त्रास खरा. पण वैमानिक कमी आहेत हे डीजीसीएला नोव्हेंबरच्या आधी तपासता आलं असतं. वेळापत्रक मंजूर कोण करतं? त्यासाठीच ती रिकामी पदं.

लोहगावची_मैना:
बरं बाबा. 553 चा आकडा लाजिरवाणा आहे, म्हटलं. झालं समाधान? पण 48 वा क्रमांक खोटा नाही.

तिरकस_त्रिंबक:
खोटा म्हटलंच नव्हतं. शिळा म्हटलं होतं.

विदर्भी_ठेचा:
ते जाऊ द्या. वैतागबाई, कुंड्या कुठून आणल्या होत्या? पुढच्या महिन्यात आमच्याकडे टीम येतेय.