स्वालबार्ड: 200 प्रवाशांची मर्यादा योग्य की नुसता देखावा?

उत्तरवारा:
स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या मधली, नॉर्वेचीच बेटं. 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या संरक्षित भागात 200 पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज नेता येत नाही, उतरायलाही मोजक्या 43 जागाच. पांढऱ्या अस्वलापासून 300 मीटर लांब राहायचं, मार्च ते जून 500. माझ्या मते उशिराच सुचलं. तिथली झाडोरा धरणारी माती इतकी नाजूक, की चाकोऱ्या कित्येक दशकं बुजत नाहीत. सतराव्या शतकातल्या देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या कबरी किनाऱ्यालगत आहेत. गोठलेली जमीन वितळतेय, तशा त्या उघड्या पडतायत. तिथे शेकडो माणसं उतरवायची?

काटकसरी_काका:
साफ असहमत. लहान जहाज म्हणजे महाग तिकीट. निसर्गाचं नाव पुढे करून गरिबाला बाहेर काढलं, एवढंच. (गरीब म्हणजे आपल्यातला, जो दहा वर्षं साठवून एकदा जातो.) बर्फ काय बुटांनी वितळतोय? याच नॉर्वेने 2025 मध्येच बॅरेंट्स समुद्रात योहान कास्टबर्ग या तेलक्षेत्रातून तेल काढायला सुरुवात केली. आणि स्वालबार्डमधल्याच लाँगयरब्येनच्या धक्क्याला मोठी जहाजं लागतातच की!

उत्तरवारा:
तेलाचं दुटप्पीपण मान्य. पण म्हणून कबरी तुडवायच्या का? लाँगयरब्येन हे गाव आहे, तिथे रस्ते आहेत, धक्का आहे. निर्जन किनाऱ्याला तोच न्याय कसा लावणार?

डोंबिवली_लोकल:
भांडण चालू द्या, जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनबाहेर (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटाबाहेर) आहे. ओस्लोमार्गे जाऊन परत यायचं, म्हणजे शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एजंटला आधीच बजावा.

बिनसाखरेचा:
आपलं, म्हणजे भारताचं, हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून स्वालबार्डमध्येच, न्यू-ऑलेसुंड या वस्तीत आहे. तिथे वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवायचं, रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो म्हणून. या नियमाविरुद्ध कोणी गरीब-श्रीमंत काढत नाही. उत्तरवाराशी सहमत.

काटकसरी_काका:
फोन बंद करायला पैसे पडत नाहीत हो! मर्यादा घालायचीच, तर जागा पैशाने का वाटता? म्हाडासारखी सोडत काढा. ज्याचं नाव निघेल तो जाईल, भाडं सरकारने ठरवलेलं.

उत्तरवारा:
सोडत चालेल. पण जहाजं खासगी कंपन्यांची आहेत, काका. भाड्याचा फरक नॉर्वेचा करदाता भरणार का?