जुन्या कन्सोलसाठी गेम बनवायचाय, सुरुवात कुठून करू?

नवखा_प्लेअर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय की एनईएस, गेम बॉय, अटारी यातल्या एखाद्यावर खरोखर चालेल असा छोटासा गेम स्वतः बनवायचा. आजच्या इंजिनमध्ये बनवलेला नुसता रेट्रो दिसणारा गेम नकोय, त्या मशीनवर चालणारा रॉम (गेमची फाइल) पाहिजे. पायथॉन बऱ्यापैकी येतं, सी कधीतरी शिकलेलो पण पॉइंटर आला की घाम फुटतो, आणि असेंब्लीच्या, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना द्यायच्या भाषेच्या, वाटेला कधी गेलोच नाही. तर कुठलं कन्सोल धरू, असेंब्लीशिवाय अडेल का, आणि आधी कन्सोल विकत घ्यावं लागेल का? चित्रकला यथातथाच आहे, तेही सांगून ठेवतो.

बिट_आठ
गेम बॉय. डोळे झाकून. १९८९ चं मशीन, स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेल आणि फक्त चार छटा, म्हणजे चित्रकलेची काळजी मिटली, चार छटांत सगळ्यांचीच चित्रं यथातथा दिसतात. कामाची रॅम ८ केबी आहे, एनईएसला २ केबीच मिळते, त्यामुळे नवख्याला हातपाय हलवायला जागा राहते.

कन्सोल आत्ता घेऊ नकोस, एम्युलेटरवरच (कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) काम कर. एम्युलिशियस घे, त्यात सी कोडच्या एकेका ओळीवर थांबून बघता येतं. कोड लिहायला जीबीडीके-२०२० हा टूलसंच घे, फुकट आहे, सी मध्येच लिहायचं, आणि पॉइंटरची भीती असेल तर सुरुवातीला साध्या अ‍ॅरेवर निभतं.

पण पायथॉनच्या सवयी दाराबाहेर ठेव. या प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही, फ्लोट (दशांश संख्या) तर विसरूनच जा, आणि जिथे ० ते २५५ मध्ये भागतंय तिथे इंट वापरू नकोस, ८ बिटांचा अनसाइन्ड (उणे नसलेला) पूर्णांक घे. मग तुला लगेच प्रश्न पडेल की हिरो हळू कसा चालवायचा, कारण सेकंदाला जवळपास ६० फ्रेम असतात, फ्रेमला १ पिक्सेल सरकवला तरी पावणेतीन सेकंदांत स्क्रीन पार आणि २ केले तर दीड सेकंदसुद्धा लागत नाही, मधलं काही नाहीच. त्यावर जुना उपाय असा की जागा १६ बिटांत ठेवायची, वरचा बाइट म्हणजे पिक्सेल आणि खालचा बाइट म्हणजे पिक्सेलचे २५६ भाग. दीड पिक्सेल वेग पाहिजे तर दर फ्रेमला ३८४ मिळवायचे, आणि स्प्राइट (स्क्रीनवर हलणारं छोटं चित्र) ठेवताना तो आकडा ८ बिट उजवीकडे सरकवायचा, झालं. उडीचं पण हेच, उभ्या वेगात दर फ्रेमला थोडी संख्या मिळवत राहायची, गुरुत्वाकर्षण तयार.

स्कॅनलाइन
बिट_आठ नेहमी गेम बॉयच सांगतो 😄 चूक नाहीये ते, पण सी मध्ये राहून मशीन आत काय करतंय ते कळत नाही, आणि ते कळण्यातच तर सगळी मजा आहे. ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली वाटते तेवढी भयंकर नाही रे, ए, एक्स, वाय अशी तीन मुख्य रजिस्टर (आकडे ठेवायच्या छोट्या जागा), बाकी सगळं मेमरीत. एनईएसमध्ये तोच प्रोसेसर आहे, फक्त डेसिमल मोड (दशमान आकडेमोड) काढलेला. तिथे स्क्रीन चालू असताना व्हिडिओ मेमरीत मन मानेल तेव्हा लिहिलंस तर चित्राचा विचका होतो, दोन फ्रेमच्या मधल्या व्हीब्लँकमध्येच लिहायचं आणि तिथे साधारण २२७० सायकल (प्रोसेसरचे ठोके) मिळतात. एकदा हे गणित डोक्यात बसलं की गेम बॉयवर पण सोपं जातं, कारण तिथेही हेच आहे, फक्त जीबीडीकेची फंक्शनं तुझ्यासाठी थांबतात म्हणून दिसत नाही.

अटारी २६०० ला मात्र आत्ता हात लावू नकोस. १९७७ चं मशीन, रॅम १२८ बाइट (केबी नाही, बाइट!), आणि पूर्ण चित्र साठवायला मेमरीच नाही. टीव्हीवर एक रेघ उमटायला ७६ सायकल लागतात, तेवढ्यात त्या रेघेचा डेटा तू रजिस्टरमध्ये टाकायचा. नाद खुळा प्रकार आहे, पण पहिल्या गेमसाठी नाही.

घुबड
एवढं कशाला? जीबी स्टुडिओ घ्या, माउसने खेचून सीन जोडा, खरा रॉम तयार होतो. गोष्टीवाला, फिरून माणसांशी बोलायचा गेम असेल तर सी लिहायची पण गरज नाही.

बिट_आठ
@घुबड गोष्टीवाल्या गेमला बरोबर आहे. पण याला मशीन समजून घ्यायचंय असं वाटतंय, म्हणून तसं सांगितलं. काय रे, गेम कसला आहे तुझा?

नवखा_प्लेअर
सगळ्यांचे आभार! गेम साधाच, उड्या मारत शत्रू चुकवायचे. जीबीडीके टाकलं, हिरो चालतो पण, ते ३८४ वालं भारीच निघालं. आता दोन कोडी आहेत. एक, स्प्राइट ०,० वर ठेवला की दिसतच नाही. दुसरं जास्त विचित्र, १६ बाय १६ चे पाच शत्रू एका ओळीत उभे आहेत, हिरो त्याच जमिनीवर आला की शेवटचा शत्रू गायब, आणि हिरोने उडी मारली की आधी त्या शत्रूचे पाय दिसतात, मग हळूहळू अख्खा दिसतो. कोडमध्ये तर तो शत्रू जागच्या जागी आहे.

स्कॅनलाइन
कोड ठीक आहे तुझा, हे हार्डवेअरचं आहे. पहिलं, स्क्रीनचा वरचा डावा कोपरा स्प्राइटसाठी ८,१६ असतो, म्हणजे ०,० स्क्रीनच्या बाहेर.

दुसरं, एकूण ४० स्प्राइट मिळतात पण एका रेघेवर १० च. स्प्राइट ८ पिक्सेल रुंद, म्हणून १६ रुंदीचं पात्र प्रत्येक रेघेवर दोन खातं. पाच शत्रू म्हणजे १० संपले. हिरो बहुतेक स्प्राइटच्या यादीत पहिला असणार, तो आला की शेवटच्याला जागा उरत नाही. हा हिशोब रेघेगणिक होतो, म्हणून हिरो अर्धा वर गेला की शत्रूच्या खालच्या रेघा मोकळ्या होतात आणि पाय दिसतात.

उपाय दोन. यादीतला क्रम दर फ्रेमला फिरवायचा, म्हणजे कोणी गायब होण्याऐवजी सगळे थोडे लुकलुकतात, जुन्या गेममध्ये गर्दी झाली की दिसतं तेच हे. नाहीतर लेव्हलच अशी आख की एका ओळीत चारच्या वर शत्रू येणार नाहीत. मी दुसरं करेन.

बिट_आठ
आणि मेलेला शत्रू बाजूला, उजवीकडे ढकलून लपवू नकोस, दिसला नाही तरी तो १० मध्ये मोजला जातो. त्याचा वाय (उभी जागा) ० कर, मग नाही मोजत. पुढेमागे खऱ्या कन्सोलवर फ्लॅश कार्ट्रिज (स्वतःचा रॉम भरता येतो ते) लावून चालवणार असशील तर आत्ताच सवय लाव, असेंब्लीत काही लिहिलंस तर चालू होताना रॅममध्ये शून्य असेल असं धरू नकोस, खऱ्या मशीनवर तिथे काहीही असतं. एम्युलेटरमध्ये मस्त चालणारा गेम तिथे काळी स्क्रीन दाखवतो तो बऱ्याचदा यामुळेच.

नवखा_प्लेअर
वाय ० केलं, चार शत्रूंवर आणलं, आता कोणी गायब होत नाहीये. आवाजाचं कसं करायचं ते वेगळ्या धाग्यात विचारतो.