नोंदवहीत खवल्या मांजराचं शास्त्रीय नाव कोणतं लिहायचं?

वैनगंगाकाठ:
2025 मध्ये अरुणाचलातल्या नमुन्यांवरून मॅनिस इंडोबर्मॅनिका ही नवी जात जाहीर झाली आणि आपल्याकडच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत (गावातले प्राणी-वनस्पती टिपायच्या वह्या) नाव बदलायची टूम निघाली. कुणी स्मुत्सिया लिहितं, कुणी नुसतंच मॅनिस. माझं मत असं की विदर्भात एकच जात आहे, मॅनिस क्रॅसिकॉडाटा, म्हणजे भारतीय खवल्या मांजर. तेवढंच लिहा. स्मुत्सिया आफ्रिकेत असतं, धानपट्ट्यात नाही. (इथे जात म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. वर्तमानपत्रं दोन्हींना प्रजाती म्हणतात, त्यातून निम्मे वाद होतात.) आठ जातींची तीन प्रजातींत (मॅनिस, स्मुत्सिया, फॅटॅजिनस) केलेली फोड गावापर्यंत आणायची गरज नाही. 2016 ला जोहान्सबर्गच्या साइट्स (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बैठकीत या आठही जाती सर्वात कडक बंधनाच्या परिशिष्ट 1 मध्ये गेल्या, त्या मॅनिस याच नावाखाली.

मोहटोला:
स्मुत्सियाबद्दल सहमत, बाकीच्याशी नाही. ही फोड कुणाची हौस नव्हे. आशियातल्या चारही जातींना कानाची पाळी असते, खवल्यांच्या मधून राठ केस येतात आणि पाठीवरची मधली रांग थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते. आफ्रिकेतल्या चारांना पाळी नाही, केस नाहीत आणि मधली रांग टोकाच्या आधीच थांबते. त्यातही स्मुत्सिया थोराड आणि जमिनीवरचं, फॅटॅजिनस लहान आणि झाडावरचं. 2018 मध्ये डीएनएवरूनही हेच तीन गट निघाले. सगळ्यांना मॅनिस म्हटलं की पंचनाम्यातला खवला आफ्रिकेतला की आपल्या जंगलातला, हा प्रश्नच पडत नाही.

वैनगंगाकाठ:
ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने 1924 मध्ये सहा प्रजाती पाडल्या होत्या. त्याच्या हिशेबाने आपलं जनावर फॅटेजेस. पुढे सगळं परत मॅनिसमध्ये आलं, आता तीन. दर पिढीला नोंदवही खोडत बसायची का? वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये मॅनिस क्रॅसिकॉडाटा असं स्पष्ट नाव आहे. कागदावर तेच जुळलं पाहिजे.

मोहटोला:
प्रजाती सहा असोत की तीन, आजच्या मांडणीत आपली जात मॅनिसमध्येच आहे. म्हणजे खोडायचं काहीच नाही. तुम्ही भलत्याच गोष्टीला घाबरताय.

कंसवाला:
नावापुढच्या लेखकाचंही बघा. जात मूळ प्रजातीतच असेल तर लेखक आणि साल कंसाबाहेर, हलवली असेल तर कंसात. म्हणून चिनी खवल्या मांजराचं नाव मॅनिस पेंटाडॅक्टिला लिनियस, 1758 असं कंसाविना. पण स्मुत्सिया टेमिंकी याच्यापुढे (स्मुट्स, 1832), कारण तो मुळात मॅनिस म्हणून वर्णिला होता. आपल्या जातीपुढे जुनी पुस्तकं ग्रे, 1827 लिहितात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रॉयचा 1803 चा कॅटलॉग प्रकाशित मानायचा का, हा वाद होता. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचे वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाने 2002 मध्ये तो ग्राह्य धरला, म्हणून जॉफ्रॉय, 1803. दोन नोंदवह्यांत दोन सालं दिसली तर जाती दोन नाहीत.

झाडीपट्टी:
भाऊ, तीन हो का सहा, मेलेलं जनावर सापडलं तं ओळखाचं कसं, ते कोणी सांगत नाही. शेपूट उलटी करून पाहा. टोकाशी खालच्या अंगाला एक खवला असला तं भारतीय; चिनीले तो नसते. अंगाभोवती खवल्याच्या रांगा भारतीयच्या 11 ते 13, चिनीच्या 15 ते 18. फोटो घेताना पट्टी ठेवा अन् शेपटीची खालची बाजू सोडू नका, सारे पाठीचाच फोटो काढतात. जनावर जिवंत असलं तं हात लावाचा नाही, गोळा उलगडाचा नाही, वनविभागाच्या 1926 या नंबरले फोन लावाचा.

मोहटोला:
सुटे खवले मिळाले तर रांगांचा उपयोग नाही. कडा झिजलेल्या, टोकं तुटलेली, पोत्यात चार जनावरांचं मिसळलेलं. अशा वेळी डीएनए. खवला केराटिनचा, त्यात डीएनए फार थोडा. तो मिळतो बुडाशी सुकलेल्या मांसात. धुतला, उकळला की तोही गेला. प्रत्येक खवला वेगळ्या कागदी पाकिटात, कोरडा. प्लास्टिकमध्ये दमट राहून बुरशी येते.

कंसवाला:
आणि नव्या जातीची घाई नको. इंडोबर्मॅनिका मुख्यतः मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाच्या) डीएनएवर उभी आहे. तो फक्त आईकडून येतो, संकर त्यात दिसत नाही. शिवाय हॉजसन या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने 1836 मध्येच नेपाळमधल्या जनावराला ऑरिटा नाव दिलं होतं, ते चिनीची उपजात म्हणून पडून होतं. ही तीच वस्ती ठरली तर अग्रक्रमाने, म्हणजे आधी दिलेलं नाव खरं या नियमाने, ऑरिटा टिकेल, नवं नाव जाईल.

वैनगंगाकाठ:
तेच तर म्हणतोय! अनुसूचीत चिनी आणि भारतीय अशी दोनच नावं आहेत. नवं नाव पंचनाम्यात आलं की आरोपीचा वकील म्हणणार, ही जात यादीतच नाही.

मोहटोला:
तो अरुणाचलचा प्रश्न. आपल्या पंचनाम्यात जातीचं पूर्ण नाव, जॉफ्रॉय, 1803 आणि कोणत्या खुणेवरून ओळखलं ते लिहा. शेवटचं कुणीच लिहीत नाही. प्रजातींचा तक्ता मात्र वनरक्षकांच्या हाती हवाच, त्यावर मी मागे येणार नाही.

झाडीपट्टी:
अन् ठिकाणाच्या रकान्यात बिळाची नेमकी जागा लिहू नका. नोंदवही ग्रामपंचायतीत कोणीबी चाळते. कंपार्टमेंट (जंगलाच्या तुकड्याचा) नंबर वनरक्षकाले वेगळा द्या.