लहानपणी झालेला बाप्तिस्मा पुरत नाही का?

भिंगारकर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

भाचा नगरला वाढला. तान्हा असताना आमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चमध्ये पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर पाणी घातलं, शाळेत असतानाच दृढीकरण झालं, म्हणजे त्याने स्वतः विश्वासाची कबुली दिली, तेव्हापासून तो प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतो. आता नोकरीनिमित्त पुण्यात आहे आणि एका नव्या मंडळीत जातो. तिथले पास्टर म्हणतात, तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. आधी पाण्यात बुडवून घे, मग भोजनाला ये. पोरगा तयार आहे. ताई एवढंच म्हणाली, "म्हणजे आम्ही त्या दिवशी नुसतं बारसं केलं?"

माझं मत स्पष्ट आहे. बाप्तिस्म्यात पहिलं पाऊल देवाचं असतं, आपलं नंतर. बाळाला काही कळत नाही हे खरं, पण कृपा कळण्यावर थांबली असती तर आपल्यापैकी कितीजण आत आले असते? इफिसकरांच्या पत्रात 'एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा' असं आहे. दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिल्या वेळी देव आलाच नव्हता असं म्हणणं. हे मला पटत नाही.

जीवनजल

भिंगारकर, तुमच्या भावना समजतात, पण वचन काय सांगतं ते बघा. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. कूशी (इथिओपियाचा) षंढ रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प त्याला सुवार्ता सांगतो आणि तो माणूस स्वतःच म्हणतो, हे बघा पाणी, आता मला अडचण काय? दोघेही पाण्यात उतरतात. आधी ऐकणं, मग विश्वास, मग पाणी. तान्ह्या बाळाच्या बाबतीत यातलं फक्त पाणी होतं.

आणि 'दुसऱ्यांदा' म्हणूच नका. आमच्या दृष्टीने हा पहिलाच. १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा मिशनरी विल्यम केरी घ्या. इंग्लंडच्या चर्चमध्ये तान्हेपणी त्याचा बाप्तिस्मा झाला होता. मोठेपणी खात्री पटल्यावर १७८३ मध्ये तो नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदीत उतरला. त्याच्याही आधी झुरिचमध्ये याच मुद्द्यावर जीव गेले. मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या फेलिक्स मांझला १५२७ च्या जानेवारीत लिम्मत नदीत बुडवून मारलं, तेही दुसऱ्या प्रॉटेस्टंटांनीच. लोकांनी हे हौसेखातर सोसलं नाही.

भिंगारकर

मांझबद्दल आदर आहे. बुडवणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

पण कृत्ये आठपाशी का थांबलात? सोळाव्या अध्यायात फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी आहे. त्याच रात्री 'त्याने व त्याच्या घरच्या सर्वांनी' बाप्तिस्मा घेतला. घरात लेकरं नव्हतीच, असं लिहिलंय का? पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्र म्हणतो, हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे.

दुसरं, हा वाद आपल्याकडे आधीच एकदा मिटवलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सीएनआय झालं तेव्हा त्यात अँग्लिकन होते, आमचे जुने काँग्रिगेशनल होते, मेथडिस्ट होते आणि मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट-ब्रदरनही होते. त्यांनी एकमेकांची डोकी फोडली नाहीत. पालकांना वाटलं तर बाळाचा बाप्तिस्मा, वाटलं तर आत्ता बाळाला नुसतं देवाला अर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. दोन्ही वाटा चालतात. फक्त एकीवरून आलेल्याला दुसरीवर परत चालवत नाहीत.

जीवनजल

लेकरं होती असंही लिहिलेलं नाही. 'घरातल्या सर्वांसह त्याने देवावर विश्वास ठेवला', हे त्याच उताऱ्यात पुढे आहे. तान्हं बाळ विश्वास ठेवतं का?

वसईची_पोर

कॅथलिक बाजूने दोन शब्द. (हो, आमच्याकडे बाळाचाच होतो. पहिल्या काही आठवड्यांत करा, असं कॅनन लॉ, म्हणजे चर्चची कायदेसंहिताच सांगते.)

तुम्ही दोघे पाणी किती आणि वय किती यावर भांडताय. विधीत प्रत्यक्ष काय होतं ते बघा. दारातच फादर आईबापांना विचारतात, बाळाचं नाव काय आणि चर्चकडे काय मागता. मग छातीवर तेल. धर्मपिता आणि धर्ममातेसकट सगळ्यांना तोंडाने सैतानाचा त्याग आणि विश्वासाची कबुली द्यावी लागते. तीनदा पाणी. टाळूवर सुगंधी क्रिस्म तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती बापाच्या हातात. बाळ बहुतेक वेळ रडत असतं. पण त्या दिवशी शब्द दिलेला असतो मोठ्यांनी, आणि बाळाला विश्वासात वाढवण्याची वाजवी आशा नसेल तर फादरांनी बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असा नियमही आहे. तो पाळला जातो का, हा प्रश्न मात्र खरा आहे. आमच्या पट्ट्यात कधीकधी मेजवानीची तयारी आधी आणि प्रशिक्षण नंतर.

पुन्हा देण्याबद्दल: पाणी आणि 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द असतील, तर दुसऱ्या मंडळीतला बाप्तिस्माही आम्ही मानतो. माझी मावशी नर्स आहे. बाळ दगावण्याच्या बेतात असेल तर कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेल्या माणसानेही, चर्चच्या हेतूने दिलेला बाप्तिस्मा चालतो, हे ती आजही नव्या मुलींना सांगते. उलट शब्दांच्या बाबतीत चर्च कडक आहे. 'मी तुला' ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' म्हटलं तर तो धरला जात नाही, असं व्हॅटिकनने २०२० मध्ये स्पष्ट केलं. देणारा ख्रिस्त आहे, जमलेली मंडळी नाही, म्हणून.

जीवनजल

ताई, मेजवानीचं तुम्हीच बोललात ते बरं झालं, माझं दुखणं तेच आहे. मी अशाच घरातला. दाखला होता, बायबल कपाटात होतं. तो दाखला कधी निघायचा? शाळेत प्रवेश घेताना आणि लग्न ठरताना. पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, यासाठी की नव्या जीवनात चालावं. आमच्या गल्लीत पुरलं कोणालाच गेलं नव्हतं, सगळे नुसते ओले झाले होते. मी शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने साक्ष देऊन आमच्या मंडळीने बाप्तिस्म्यासाठी बांधलेल्या टाकीत उतरलो तेव्हा दारू सुटली. याला तुम्ही देवाचा अपमान म्हणणार?

भिंगारकर

अपमान नाही म्हणत. दारू सुटली याचा आनंदच आहे. पण ती पाण्याच्या खोलीने सुटली की पश्चात्तापाने? पश्चात्ताप रोज करा, त्याला टाकी लागत नाही.

आणि मोठेपणी, समजून-उमजून घेतलं की विश्वास पक्का, हेही खरं नाही. पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडात वाँटेजला, लेकीसह बाप्तिस्मा. त्यांच्याहून विचारी आणि वाचलेलं माणूस कोण आणणार तुम्ही? पण पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, आणि तो सापडायला पुढे काही वर्षं गेली. मग १८८३ चा बाप्तिस्मा बाद धरायचा का? तुमच्या हिशेबाने दर वेळी विश्वास खोल गेला की माणसाला नदीवर न्यावं लागेल.

जीवनजल

मुद्दा चांगला आहे. पण रमाबाईंनी तेव्हा स्वतः होकार दिला होता, तुमच्या भाच्याने दिला नव्हता. माझ्यासाठी फरक तिथेच आहे.

उंबरठ्यावर

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी ख्रिस्ताला मानतो, रोज प्रार्थना करतो, रविवारी मागच्या बाकावर बसतो. बाप्तिस्मा घेतलेला नाही. तुमचा अख्खा वाद ज्यांचा झालाय त्यांच्यापुरता आहे.

कारण सांगतो. आम्ही अनुसूचित जातीतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर. मी पाण्यात उतरलो की माझ्या मुलीची सवलत गेली. जात मात्र जात नाही, घर भाड्याने मागायला गेलो की ती आधी दारात उभी असते. शिवाय आई. ती म्हणते, येशूचा फोटो लाव, गाणी म्हण, पण 'तिकडचा' होऊ नकोस.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे कळलं होतं. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी बायकोमुलापासून ताटातूट सोसली. त्याच माणसाने १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा संघ काढला आणि त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य घेतले. येशूबरोबर वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या घटकेला त्याला मानणाऱ्या चोराचा कुठे झाला होता?

जीवनजल

भाऊ, चोराला खाली उतरता येत नव्हतं, तुम्हाला येतं. पेत्राने 'पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या' म्हटलं, तेव्हा यरुशलेमेत सवलती नव्हत्या आणि जीवाला धोका होता. किंमत मोजल्याशिवाय शिष्यपण नाही.

भिंगारकर

इथे मी अर्धा जीवनजल यांच्याबरोबर आहे. बाप्तिस्मा ही खासगी बाब नव्हे, त्याने माणूस मंडळीचा होतो. टिळकांनी दरबार काढला, पण स्वतःचा बाप्तिस्मा मोडीत काढला नाही. फक्त किंमत दुसऱ्याच्या खिशातून मोजायची असते तेव्हा आपला आवाज फार चढतो, तेवढं सांभाळा. उंबरठ्यावर, तुमचा कधीतरी घ्यायचा विचार आहे ना?

वसईची_पोर

आमच्यात बाप्तिस्म्याची इच्छा धरून तयारी करणारा माणूस आधीच वारला, तर ती इच्छाच बाप्तिस्मा धरतात. चर्चमध्ये त्याचा अंत्यविधीही होतो.

उंबरठ्यावर

ताई, आभार. मेल्यावरची सोय झाली.

बाकी दोघांना: कधी घेणार, हे विचारलंत. घेतल्यावर राहणार कुठे, हे नाही विचारलंत. टिळकांच्या काळात घरून हाकललेल्याला मिशनच्या आवारात खोली मिळायची, शाळेत नाहीतर छापखान्यात काम मिळायचं. त्यावरून लोकांनी नावं ठेवली, पण खोली होती. जीवनजल, तुमच्या मंडळीने बाप्तिस्म्यासाठी टाकी बांधलीय म्हणता. माझ्या मुलीची फी आणि आमचं भाडं यासाठी मंडळीच्या वहीत एखादं पान आहे का?